फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा: फाइल्स न गमावता विंडोज पुन्हा कशी टाकायची?

लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, मधेच निळा पडदा येतो, नाहीतर एखादं अपडेट अर्ध्यावर अडकून बसतं. अशा वेळी बहुतेक जण कम्प्युटर उचलतात आणि जवळच्या दुकानात नेतात. दुकानदार दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल." आपणही "बरं, मारा" म्हणून मोकळे होतो. संध्याकाळी कम्प्युटर नव्यासारखा पळतो. पण मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी स्कॅन करून ठेवलेले दाखले, धाकट्याच्या निकाहचे फोटो, दुकानाचा तीन वर्षांचा हिशेब, अब्बांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, यातलं काहीच जागेवर नसतं.

विंडोज पुन्हा टाकणं आणि फॉरमॅट मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. त्याच्या आधी असे मार्ग आहेत ज्यात विंडोज नवी होते आणि फाइल्स जिथल्या तिथे राहतात.

सध्या हा विषय अनेक घरांत निघतोय, त्याचं कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षा अपडेट्सची वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, पण त्यानंतर विंडोज ११ कडे जाणं किंवा दुसरी व्यवस्था करणं भाग आहे. म्हणजे ज्यांचा कम्प्युटर बिघडलेला नाही, तेही आता विंडोज बदलून घेत आहेत. म्हणून आम्ही हा सगळा प्रकार साध्या भाषेत, क्रमाने मांडतो आहोत.

आधी समजून घ्या, फाइल्स राहतात कुठे

आपल्या फाइल्स साधारणपणे सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये, आपल्या नावाच्या फोल्डरखाली असतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज ही सगळी त्याच्या आतली खणं. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल समोर दिसते म्हणून ती वेगळी कुठे आहे असं वाटतं, पण तीही सी ड्राइव्हवरच असते. आणि विंडोजसुद्धा सी ड्राइव्हवरच असते. त्यामुळे सी फॉरमॅट झाला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स दोन्ही गेले.

"माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे, मला काळजी नाही," असं म्हणणारेही खूप आहेत. त्यांनीही जरा थांबावं. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. डिस्कच बिघडली तर दोन्ही खोल्या जातात. शिवाय विंडोज टाकताना पुढे येणाऱ्या एका अडचणीमुळे डी ड्राइव्हही पुसला जाऊ शकतो. त्याबद्दल खाली सांगतो.

पहिलं काम: कॉपी

मार्ग कुठलाही निवडा, आधी फाइल्सची एक प्रत कम्प्युटरच्या बाहेर हवी. बाहेरची हार्ड डिस्क सगळ्यात बरी. फाइल्स कमी असतील तर पेन ड्राइव्हही चालेल. 'यूजर्स'मधलं आपल्या नावाचं अख्खं फोल्डर कॉपी करा. घरात दोन-तीन जणांची वेगवेगळी अकाउंट्स असतील तर प्रत्येकाचं करा.

लग्नाच्या व्हिडिओची मोठी फाइल पेन ड्राइव्हवर जाता जात नसेल, तर बहुधा तो ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, ड्राइव्हवर जागा कितीही असो. तो रिकामा असताना एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घेतला की अडचण सुटते.

आता नेहमी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी बघू. नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं.

• फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर नव्या विंडोजवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फाइल शाबूत असते, फक्त फॉन्ट नसतो. उर्दूचं काम इनपेजमध्ये करणाऱ्यांनी इनपेजच्या फाइल्स, तो प्रोग्राम टाकण्याची मूळ फाइल आणि वापरातले फॉन्ट, तिन्ही वेगळे काढून ठेवावेत. विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून आपण बाहेरून आणलेले फॉन्ट कॉपी करता येतात.

• टॅली आणि इतर हिशेबाचे प्रोग्राम. टॅलीचा डेटा तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही. कंपनी निवडताना डेटाचा जो पत्ता पडद्यावर दिसतो तो लिहून घ्या आणि ते अख्खं फोल्डर कॉपी करा. टॅलीमधून बॅकअपही घ्या. लायसन्स असेल तर विंडोज काढण्याआधी ते टॅलीतूनच 'सरेंडर' करा, म्हणजे नंतर पुन्हा चालू करताना अडत नाही.

• ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क. क्रोममध्ये गूगल अकाउंटने सिंक चालू असेल तर ते परत येतात. नसेल तर आधीच एक्सपोर्ट करा. क्रोमचं फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवलं तर पासवर्ड उघडतील या भरवशावर राहू नका. ते जुन्या विंडोजच्या कुलपात बंद असतात. पासवर्डची एक्सपोर्ट केलेली फाइल कुणालाही वाचता येते, म्हणून काम झालं की ती लगेच पुसून टाका.

• आउटलुकमधले ईमेल. कम्प्युटरवरच साठवलेले मेल पीएसटी नावाच्या फाइलमध्ये असतात. ती फाइल शोधून कॉपी करा.

• वनड्राइव्ह. फाइलपुढे ढगाचं चित्र दिसत असेल, तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच, फक्त इंटरनेटवर आहे. कॉपी करताना इंटरनेट चालू ठेवा. आणि लक्षात घ्या, वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबीच असते. ती भरली की पुढच्या फाइल्स वर जात नाहीत आणि आपल्याला वाटत राहतं की सगळं सुरक्षित आहे.

कॉपी झाली म्हणून लगेच पुढे जाऊ नका. मूळ फोल्डर आणि कॉपी केलेलं फोल्डर, दोन्हींवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार आणि फाइल्सची संख्या जुळते का बघा. मग शक्य असेल तर ती डिस्क दुसऱ्या कम्प्युटरला लावून चार फोटो, दोन पीडीएफ, एखादा व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून पाहा. दुसरीकडे उघडत नसेल तर तो बॅकअप नव्हेच.

दुसरं काम: बिटलॉकरची चावी

अनेक नवे लॅपटॉप डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. याला बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवीन विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की बऱ्याच कम्प्युटरवर हे न विचारताच चालू होतं. रोजच्या वापरात ते जाणवतही नाही. पण विंडोज बिघडली किंवा बायोसमध्ये काही बदललं, की निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची चावी मागितली जाते. ती नसेल तर डिस्क चांगली असूनही फाइल्स मिळत नाहीत. दुकानदार काही करू शकत नाही, मायक्रोसॉफ्टही ती चावी नव्याने बनवून देऊ शकत नाही.

ही चावी बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते. मोबाइलवरून त्या अकाउंटमध्ये लॉगिन करा, उपकरणांच्या यादीत जाऊन 'रिकव्हरी की' शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. लॅपटॉप ऑफिसने किंवा कॉलेजने दिलेला असेल तर चावी त्यांच्याकडे असू शकते. आणखी एक: लॅपटॉप कुणी सेट करून दिला होता ते आठवा. भाच्याने स्वतःच्या ईमेलने लॉगिन करून दिलं असेल तर चावी भाच्याच्या अकाउंटमध्ये असेल.

चार मार्ग: सौम्य आधी, कडक शेवटी

पहिला मार्ग: वरच्यावर दुरुस्ती. विंडोज सुरू होत असेल तर इथूनच सुरुवात करा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि मग 'रिकव्हरी' इथे गेल्यावर 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट' असा पर्याय दिसतो. त्यासमोरचं 'रीइन्स्टॉल नाऊ' दाबलं की सध्याचीच विंडोज इंटरनेटवरून नव्याने उतरते आणि टाकली जाते. फाइल्स, प्रोग्राम, सेटिंग्ज सगळं राहतं.

दुसरा मार्ग: सेटअप आतून चालवणं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल उतरवा, तिच्यावर डबल क्लिक करा आणि आतली 'सेटअप' फाइल चालवा. पुढे काय ठेवायचं असं विचारलं जातं. तिथे 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडा. टॅली, इनपेज, प्रिंटर सगळं सहसा जसंच्या तसं राहतं. विंडोज १० वरून ११ वर जातानाही, कम्प्युटर त्या पात्रतेचा असेल तर, हाच मार्ग उपयोगी पडतो. तीन गोष्टी पाळा: सी ड्राइव्हवर निदान २५ जीबी मोकळी जागा ठेवा, आधी जी भाषा आणि होम किंवा प्रो जी आवृत्ती होती तीच घ्या, आणि सेटअप विंडोजच्या आतूनच सुरू करा. पेन ड्राइव्हवरून कम्प्युटर बूट करून तोच सेटअप चालवला तर हा पर्याय मिळत नाही. त्या एका फरकावर सगळे प्रोग्राम राहणार की जाणार हे ठरतं.

तिसरा मार्ग: रिसेट. त्याच 'रिकव्हरी'मध्ये 'रिसेट धिस पीसी' असतं. विंडोज १० मध्ये ते 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली सापडेल. दाबल्यावर दोन पर्याय येतात: 'कीप माय फाइल्स' आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. आपल्याला पहिला हवा. यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो राहतात, पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम आणि सेटिंग्ज जातात. कुठले प्रोग्राम गेले त्याची यादी डेस्कटॉपवर ठेवली जाते. 'प्रोग्राम फाइल्स' किंवा लपलेल्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये एखाद्या प्रोग्रामने डेटा ठेवला असेल तर तो वाचेल असं धरून चालू नका. हिशेबाच्या प्रोग्रामबद्दल वर एवढं लिहिलं ते याचसाठी. पुढे 'क्लाउड डाउनलोड' आणि 'लोकल रीइन्स्टॉल' असं विचारलं जातं. विंडोजच्या फाइल्सच बिघडल्याचा संशय असेल तर क्लाउड घ्या. मात्र त्याला साधारण ४ जीबी किंवा जास्त डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर आधी पॅक बघा. चार्जर लावूनच सुरू करा आणि मधेच बटण दाबून बंद करू नका.

चौथा मार्ग: कोरी विंडोज. व्हायरसने पोखरलेला कम्प्युटर असेल किंवा वरचे तिन्ही मार्ग फसले, तरच हा. यात किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. तो पूर्ण पुसला जातो, म्हणून ज्याच्यावर बॅकअप घेतलाय तोच यासाठी वापरू नका. हसण्यासारखं वाटेल, पण घाईत नेमकं हेच होतं.

सेटअपमध्ये डिस्कचे भाग दिसतात, पण त्यांच्यापुढे सी, डी अशी अक्षरं नसतात. 'पार्टिशन १, २, ३' आणि आकार एवढंच असतं. म्हणून आधीच विंडोजमध्ये सी आणि डीचा आकार लिहून ठेवा. विंडोज ज्या भागात होती तोच भाग निवडून फॉरमॅट न करता पुढे गेलात, तर जुना सगळा मजकूर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवला जातो आणि त्यातल्या 'यूजर्स'मधून फाइल्स परत काढता येतात. पण याला बॅकअप समजू नका. सफाई करताना किंवा काही दिवसांनी विंडोज हे फोल्डर आपोआप काढून टाकू शकते.

आता डी ड्राइव्हच्या त्या अडचणीबद्दल. जुन्या कम्प्युटरची डिस्क एमबीआर पद्धतीने आखलेली असते, तर यूईएफआय पद्धतीने बूट झालेल्या सेटअपला जीपीटी पद्धत हवी असते. मग 'या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही' असा संदेश येतो. घाईतला कारागीर काय करतो, तर सगळे पार्टिशन डिलीट करून डिस्क सलग करतो. संदेश जातो, विंडोज बसते आणि डी ड्राइव्हही गेलेला असतो. खरं तर डेटा न पुसता डिस्क एमबीआरवरून जीपीटीवर नेण्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच 'एमबीआर२जीपीटी' नावाचं साधन विंडोजमध्ये आहे. बॅकअप घेऊन ते वापरता येतं.

सेटअपमध्ये डिस्कच दिसत नसेल, तर ती मेली असं लगेच समजू नका. इंटेलच्या काही नव्या लॅपटॉपमध्ये स्टोरेजचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तो आणि वायफायचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.

आणि 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' या भीतीने चोरीची विंडोज घेऊ नका. लॅपटॉपसोबत अस्सल विंडोज आली असेल किंवा आधी ॲक्टिव्हेट झाली असेल, तर तीच आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेट जोडलं की ती बहुधा आपोआप ॲक्टिव्हेट होते. फुकटचे 'ॲक्टिव्हेटर' प्रोग्राम चालवायला अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या कम्प्युटरवर तुमचं बँकेचं काम चालतं, त्यावर असं काही चालवणं म्हणजे घराची चावी अनोळखी माणसाच्या हातात देणं.

कम्प्युटर सुरूच होत नसेल तर?

विंडोज दोन-तीनदा सुरू होता होता अडखळली की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे 'ट्रबलशूट'मध्ये जाऊन 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा. आधी 'स्टार्टअप रिपेअर', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'सिस्टिम रिस्टोअर' करून बघा. तिन्हींत फोटो आणि कागदपत्रांना धक्का लागत नाही. अपडेटनंतर बिघडलेला कम्प्युटर कित्येकदा इथेच सुधारतो.

तरी जमलं नाही तर रिसेट करण्याआधी फाइल्स बाहेर काढा. त्यासाठी दुसऱ्या कम्प्युटरवर उबुंटू किंवा लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह तयार करा. तो लावून कम्प्युटर सुरू करा आणि 'ट्राय' म्हणजे नुसतं वापरून बघण्याचा पर्याय घ्या. 'इन्स्टॉल'ला हात लावू नका. आपली डिस्क उघडते, फाइल्स दिसतात, त्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायच्या. बिटलॉकर असेल तर इथेही चावी लागेल.

पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, साधी फाइल कॉपी व्हायलाही तासन् तास लागत असतील, तर हा विंडोजचा आजारच नाही. डिस्क जाते आहे. अशा डिस्कवर नवी विंडोज टाकणं, तपासणी चालवणं म्हणजे उरलेला श्वासही वापरून टाकणं. कम्प्युटर बंद करा आणि फाइल्स मोलाच्या असतील तर डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

दुकानात देताना काय सांगाल?

सगळ्यांना हे घरी करणं जमेलच असं नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. फक्त दुकानात चार वाक्यं स्पष्ट बोला आणि पावतीवर लिहून घ्या:

१. आधी डेटाचा बॅकअप घ्या, तो मला दाखवा, मगच पुढचं काम करा.
२. विंडोज वरच्यावर दुरुस्त होते का ते आधी बघा. फॉरमॅट शेवटी.
३. मला विचारल्याशिवाय कुठलंही पार्टिशन डिलीट करू नका.
४. माझ्या लॅपटॉपसोबत आलेलीच अस्सल विंडोज टाका.

काम झाल्यावर तिथेच बसून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डी ड्राइव्ह उघडून बघा. घरच्या बायका-मुलींचे फोटो, आधार, पॅन, बँकेचे कागद त्या डिस्कवर असतात. तेव्हा शक्य असेल तर बॅकअप स्वतः घेऊन खाजगी फाइल्स कम्प्युटरवरून काढून मगच तो दुकानात द्या.

चुकून फॉरमॅट झालंच तर

त्या क्षणी कम्प्युटर वापरणं थांबवा. नवे प्रोग्राम टाकू नका, व्हिडिओ उतरवू नका. साध्या हार्ड डिस्कवर जुना मजकूर नवं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा शिल्लक असतो. डिस्क काढून दुसऱ्या कम्प्युटरला लावून 'फोटोरेक'सारख्या मोफत साधनाने शोध घेता येतो. सापडलेल्या फाइल्स मात्र वेगळ्या डिस्कवर काढायच्या. एसएसडी असेल तर आशा कमी धरा. त्यात 'ट्रिम' नावाची सोय पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी करते.

पुढे ही वेळ येऊ नये म्हणून

महत्त्वाच्या फाइल्सच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, असा साधा नियम आहे. म्हणजे एक कम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवर किंवा भावाच्या घरी. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे. सगळ्या घराचे दाखले, प्रमाणपत्रं, जमिनीचे आणि संस्थेचे स्कॅन केलेले कागद त्यात आरामात बसतात. महिन्यातला एक ठरावीक दिवस धरून बाहेरची डिस्क लावा, कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. ती कायम कम्प्युटरला लावून ठेवली तर व्हायरस किंवा विजेचा झटका दोन्ही प्रती एकदम घेऊन जातो.

विंडोज हजार वेळा पुन्हा टाकता येते, ती इंटरनेटवर फुकट उतरवायला मिळते. तुमच्या फाइल्स दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी कुणी "फॉरमॅट मारू का?" असं विचारलं, तर आधी त्यालाच विचारा, "बॅकअप कुठंय?" ही माहिती ज्यांच्या घरी जुना कम्प्युटर आहे त्यांच्यापर्यंतही पोहोचवा.